डबल बेल

चुरी सरांना झोप लागली आहे हे कळायला त्यांच्याकडे बघावं लागत नसे. तलासरीच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यातली लाकडी खुर्ची त्यांची. डबा संपवायचे, रुमालाने तोंड पुसायचे आणि "बाई, पाच मिनिटं हं," असं मला म्हणता म्हणताच घोरायला लागायचे. ते घोरणं व्हरांडा ओलांडून पार पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं. टाकीपाशी ओंजळीने पाणी पिणारी पोरं एकमेकांना कोपर मारून सांगायची, "सर नीजलं, सर नीजलं."

इथवर सगळी गंमत होती. ती संपायची घोरणं थांबल्यावर. चांगलं रंगात आलेलं घोरणं मध्येच बंद पडायचं. पोट आत ओढलं जायचं, छाती धडपडायची, पण नाकातोंडातून हवेचा आवाज म्हणून नाही. आमचे चमचे डब्यातच थांबायचे. सरांच्या ओठांचा रंग उतरल्यासारखा वाटायचा. मग घशात काहीतरी फुटल्यासारखा आवाज व्हायचा, सर दचकायचे, खुर्ची करकरायची आणि घोरणं पुन्हा चालू. आमचे खेळाचे शिक्षक धोडी सर ओरडायचे, "सुटली गाडी!" सगळे हसायचे. मीही हसायचे, पण माझा डबा त्यानंतर नीट संपत नसे.

गाडीची भाषा मुळात सरांचीच. त्यांचे वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि चिखल्याच्या त्यांच्या घरात सगळा व्यवहार एसटीच्या शब्दांत चालायचा. पाहुणा मुक्कामाला आला की ती वस्तीची गाडी. कुणाचं बोलणं लांबलं की 'ह्या गाडीला थांबे फार'. कंडक्टरने एकदा घंटी दिली की गाडी थांबते आणि दोनदा दिली की सुटते, हे एसटीत बसलेल्या कुणालाही माहीत असतं. चुऱ्यांच्या घरात मात्र त्यावर संसार चालला होता. उठायचं, निघायचं, विषय संपवायचा, सगळ्याला 'डबल बेल'. सर वर्गात शिरायचे तेही दारावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करून. पोरं ओरडायची, "डबल बेल!" आणि भूगोल सुरू व्हायचा.

झोपेतल्या घंटीची गोष्ट मला सांगितली ती त्यांच्या बायकोने, मंदावहिनींनी. चिकू खायला म्हणून सरांनी आम्हाला एका रविवारी घरी बोलावलं होतं. वहिनी ओट्यावर बसून चिकू पुसत होत्या, आत सर पडले होते, आणि घोरणं थांबलं तशा वहिनी हातातला चिकू तसाच ठेवून उठल्या. आत जाऊन त्यांनी सरांच्या खांद्यावर दोनदा बोटं आपटली. आतून तोच फुटल्यासारखा आवाज आला. वहिनी परत येऊन बसल्या, जसं काही दुधाखालचा गॅस बारीक करून आल्या.

"रोजचंच आहे," त्या म्हणाल्या. "यांची गाडी सगळे थांबे घेते. थांबली की डबल बेल द्यायची."

"आणि तुम्ही कधी झोपता?"

"मी कुठली झोपते? मी कंडक्टर ना!" त्या हसल्या. मग सांगू लागल्या, की लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी त्यांना पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी शिकवल्या. एक, ओल्या बोंबलाचं भुजणं करायचं. दुसरी, ह्या घरातल्या पुरुषाला झोपेत डबल बेल कशी द्यायची. हळू दिली तर उठत नाहीत, जोरात दिली तर चिडतात. सासूबाईंनी स्वतः सासऱ्यांना जन्मभर दिली होती.

"सासरे कशाने गेले?" मी विचारलं.

"काही नाही हो. एका दुपारी सासूबाई डहाणूला बाजारात गेल्या होत्या. हे शाळेत, मी माहेरी. सासरे जेवून पडवीत पडले ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले. सगळं गाव म्हणालं, पुण्यवान माणूस."

त्या दुपारी घरात घंटी द्यायला कुणी नव्हतं, हे वहिनी बोलल्या नाहीत. बहुतेक त्या घरात ते कुणीच कधी बोललं नव्हतं. मला मात्र चिकू गोड लागेना.

सर दिसायला अंगापिंडाने मजबूत. मान अशी, की शर्टाचं वरचं बटण कधी लागलं नाही. दुकानदार म्हणायचे मोठ्या गळ्याचा घ्या, तर तो खांद्यावरून ओघळायचा. स्वभावाने लोण्यासारखे. पाड्यावरून येणाऱ्या पोरांची नावं त्यांना पाठ, पोरांच्या आयांची पाठ, कारण त्यांनाही सरांनीच शिकवलेलं. "तू शेवंतीचा ना? तुझी आई पण गुजरातच्या खाली दीव-दमण विसरायची," असं म्हणायचे. सकाळी शाळेत आले की पहिला तास मात्र डोकं धरून. कपाळाला रुमाल घट्ट बांधायचे आणि म्हणायचे, "इंजिन गरम झालंय, जरा थांबा." तोंड कोरडं, डोळे लाल. इतकं झोपणारा माणूस इतका दमलेला कसा, हा प्रश्न माझ्यासारख्या शास्त्र शिकवणारीला पडायला हवा, तसा तो पडायचाही. विचारलं की सर म्हणायचे, "झोप तर माझी फस्क्लास आहे, बाई. पडलो की गाढ."

भारताचा नकाशा ते फळ्यावर एका रेघेत काढायचे, हात न उचलता. काश्मीरपासून निघून गुजरातचा जबडा, कोकणचा काठ, कन्याकुमारीचं टोक, वर बंगाल, आणि पुन्हा काश्मीर. टाळ्या पडायच्या. एकदा मी शेजारच्या वर्गात शिकवत असताना माझ्या लक्षात आलं की सरांचा वर्ग गप्प आहे. चुरी सरांचा वर्ग गप्प असणं चांगलं लक्षण नव्हतं. मी दारातून डोकावले. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. नकाशा झाला होता, त्यात त्यांनी गंगा काढायला घेतली होती. गंगा हिमालयातून निघाली, पाटण्यावरून गेली, समुद्राला मिळाली आणि थांबलीच नव्हती. रेघ फळ्यावरून खाली, चौकटीवरून, निळ्या भिंतीवरून उतरत सरांच्या लोंबत्या हातापाशी येऊन संपली होती. सर उभ्याउभ्या झोपले होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. सरांची झोप मोडू नये म्हणून आख्खा वर्ग श्वास धरून बसला होता.

मी दारावर दोनदा वाजवलं. सर दचकून जागे झाले, रेघ पाहिली, वर्गाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघा, पूर आला. गंगेला पूर आला की अशी भिंतीवर चढते." वर्ग खो-खो हसला. सरांनी रुमालाने रेघ पुसायला घेतली. भिंतीवरची ती पुसट रेघ पुढे रंग देईपर्यंत तशीच होती.

ब्लडप्रेशर त्यांना होतंच. एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या, मग तीन. "डॉक्टर डबे जोडतायत, पण गाडी घाट उतरेना," असं सांगून ते हसायचे. शाळेत तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी सकाळी त्यांचा दंड आवळला, आकडा बघितला, यंत्र झटकलं, पुन्हा आवळला आणि मग धोडी सरांचं प्रेशर घेऊन बघितलं, यंत्र बिघडलंय का म्हणून. यंत्र ठीक होतं. सर म्हणाले, "सकाळचं असंच असतं माझं." सकाळचं असं का असतं, रात्रभर आराम केलेल्या माणसाचं प्रेशर उठताना सगळ्यात चढलेलं का, हे तिथे कुणी विचारलं नाही.

हळूहळू स्वभावही बदलला. एका मुलाने वही आणली नाही म्हणून सरांनी डस्टर फेकून मारलं. लागलं नाही, भिंतीवर आपटलं. पण त्या शाळेत सरांच्या हातून डस्टर फक्त फळ्यावर फिरायचं. नंतर ते स्टाफरूममध्ये येऊन बराच वेळ हात बघत बसले. "बाई, त्या पोराचं नाव मला आठवेना," ते म्हणाले. "त्याच्या आईचंही आठवेना. म्हणून राग आला." मला त्या वाक्याची भीती वाटली. अजूनही वाटते.

आमचं जाणं-येणं सरांच्या पांढऱ्या व्हॅनमधून. सर चिखल्याहून निघायचे, डहाणूला मला आणि धोडी सरांना घ्यायचे, मग आशागड, चारोटी आणि पुढे हायवेने तलासरी. पुढच्या सीटवर बसेल तो कंडक्टर. कंडक्टरचं काम एकच, सरांशी बोलत राहायचं. ही प्रथा कुणी घातली ते आठवत नाही. पण रोज सकाळी कोण कंडक्टर हे ठरायचं, आणि ते ठरवताना आम्ही एकमेकांकडे ज्या नजरेने बघायचो तिच्यात गंमत नव्हती. विषय संपले की धोडी सर त्यांना डहाणूपासूनची स्टेशनं म्हणायला लावायचे. वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर.

त्या दिवशी कंडक्टर मी होते. महालक्ष्मीचा डोंगर मागे पडला होता, पुढे कंटेनर चालला होता. सर म्हणत होते, "वाणगाव, बोईसर, उमरोळी... वाणगाव... वाणगाव..." मी वळून पाहिलं. डोळे उघडे होते. अगदी उघडे, रस्त्यावर लावलेले, आणि त्यांत सर नव्हते. कंटेनरचं मागचं दार काचेएवढं मोठं झालं. मी डॅशबोर्डवर दोन्ही हात आपटले आणि ओरडले. काय ओरडले? "डबल बेल!" थांबवायचं असताना मी गाडी सोडायची घंटी दिली. पण सर जागे झाले. व्हॅन हिसका खाऊन कडेच्या मातीत उतरली. काचेवर धूळ उडाली.

"बाई, मी जागा होतो हो," सर म्हणाले. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. मागून धोडी सर उतरले, पुढचं दार उघडलं आणि नुसता हात पुढे केला. सरांनी चावी त्यांच्या हातावर ठेवली.

त्याच आठवड्यात मी त्यांना आणि वहिनींना डहाणूच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई तरुण, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी सरांना फार विचारलंच नाही, वहिनींना विचारलं. वहिनींनी हौसेने सगळं सांगितलं: थांबे, खांदा, डबल बेल, सासूबाई, सासरे. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"काकू, तुम्ही किती वर्षं ही घंटी देताय?"

"लग्न झाल्यापासून."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग सरांकडे वळल्या. "सर, तुम्ही झोपलात की घशाचे स्नायू ढिले पडतात आणि हवेची वाट मिटते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदूला वाटतं, मेलो. मग वाघ समोर आल्यावर शरीर जे करतं ते सगळं करतं. नसा आवळतात, काळीज धावायला लागतं, प्रेशर एकदम चढतं, आणि तुम्ही दचकून श्वास घेता. पुन्हा झोपता. पुन्हा वाघ. पहाटेपर्यंत हेच. तुमच्याकडे दर रात्री वाघ येतो, आणि सकाळी तुम्हाला आठवत नाही."

"मग दिवसा प्रेशर का?" मी विचारलं.

"कारण शरीर दिवसाही वाघाची वाट बघायला लागतं. मानेतल्या ज्या नसा प्रेशरवर पहारा देतात, त्यांना चढलेलं प्रेशरच बरोबर वाटायला लागतं. गोळ्या उतरवू बघतात, रात्र पुन्हा चढवते. डोकं दुखणं, चिडणं, नावं विसरणं, सगळं तिथूनच. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या रोज मार खातायत. किती दिवस खातील?"

सर हसून म्हणाले, "म्हणजे मी झोपतच नाही म्हणा!"

"नाही, सर. तुम्ही रात्रभर गुदमरता. आणि इलाज होईपर्यंत गाडी चालवायची नाही."

घरी झोपताना बांधायचं एक छोटं यंत्र त्यांनी दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा. दुसऱ्या दिवशी कागदावर प्राणवायूची रेघ उमटून आली, सारखी कोसळणारी आणि सारखी वर चढणारी. सरांनी चष्मा लावून कागद लांब धरला आणि म्हणाले, "हा तर सह्याद्रीचा उभा छेद." डॉक्टरबाई हसल्या नाहीत. वहिनी रेघेवर बोट ठेवून विचारत होत्या, "ह्यातल्या कुठल्या ठिकाणी मी घंटी दिली?"

मग इलाजाचं यंत्र आलं. नाकावर बसवायचा मुखवटा, त्याला लांब नळी, उशाशी डबा. डब्यातून येणारी हवा घशाची वाट उघडी ठेवते. सरांनी त्याचं नाव ठेवलं सोंड. सोंड लावून झोपायला लागल्यावर थोड्याच दिवसांत सर शाळेत रुमाल न बांधता आले. नकाशा काढला, गंगा समुद्रात थांबवली. डस्टर मारलेल्या पोराला हाक मारून म्हणाले, "ये रे काशिनाथ." नर्सबाईंचं यंत्रही कमी आकडा दाखवू लागलं. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "मी इतकी झोपले, की दूधवाला हाका मारून परत गेला. लग्नानंतर पहिल्यांदा." बोलता बोलता त्या रडल्या. डॉक्टरबाईंनी होकार दिला आणि चावी पुन्हा सरांकडे आली. तो महिना मला फार आवडला होता.

तो मोडला हिराकाकींमुळे. हिराकाकी म्हणजे शेजारीण. एका सकाळी कढीपत्ता मागायला आल्या आणि उघड्या दारातून त्यांना सर दिसले, नाकावर मुखवटा, नळी, डोळे मिटलेले. काकींच्या घरचा माणूस करोनात गेला होता. अशाच मुखवट्यात त्यांनी त्याला मोबाइलवर शेवटचं पाहिलं होतं. त्या दारातच मोठ्याने रडायला लागल्या. वहिनी मागे वाडीत पाणी सोडायला गेलेल्या. सर गाढ, खरंखुरं गाढ झोपलेले. ते उठले तोवर अर्धी आळी पडवीत जमली होती, कुणी बोर्डीला त्यांच्या बहिणीला फोन केला होता, आणि एकाच्या हातात गंगाजलाचा तांब्या होता. सर गळ्यात मुखवटा लोंबकळवत बाहेर आले तेव्हा एक बाई किंचाळली.

स्टाफरूममध्ये सरांनी हा किस्सा असा रंगवला की धोडी सरांना ठसका लागला. पण त्या रात्रीपासून सोंड कपाटावर गेली, गणपतीच्या मखराशेजारी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

"सर, असं करू नका," मी म्हणाले.

"जिवंतपणी माझ्या दारात माणसं जमली, बाई. अपशकुन आहे तो. आणि मंदा आहे ना घंटी द्यायला."

"वहिनी माणूस आहेत. त्यांना डोळा लागला तर?"

"तर काय? बाबा झोपेत गेले, आजोबा झोपेत गेले. आमच्या घराण्याला अंथरुणाला खिळणं माहीतच नाही. भाग्य लागतं त्याला."

मला राग आला. त्यांचा आला, गावाचा आला, त्या 'पुण्यवान' शब्दाचा आला. "ते झोपेत गेले नाहीत, सर. त्यांना झोपेनं नेलं," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं. विषय संपला होता.

सोंड गेली, चावी मात्र त्यांच्याकडेच राहिली. धोडी सरांनी ती मागून पाहिली, सरांनी हसण्यावारी नेली. मी सांगून टाकलं, की सोंड कपाटावरून खाली येईपर्यंत मी एसटीने जाईन. धोडी सरांनीही मोटरसायकल काढली. सर दुखावले. रोज सकाळी स्टँडसमोरून जाताना ते व्हॅन हळू करायचे, हॉर्न दोनदा वाजवायचे, मी मान हलवायचे, आणि रिकामी व्हॅन पुढे निघून जायची. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं आणि कपाळाला पुन्हा रुमाल.

पावसाळा उलटून गेल्यावरच्या एका सकाळी व्हॅन आली, पण हॉर्न आला नाही. डाव्या बाजूचा दिवा उघडझाप करत होता. व्हॅन रस्त्याच्या मधोमध चालल्यासारखी येऊन माझ्यासमोर थांबली. सर एकाच हाताने स्टिअरिंग धरून बसले होते. दुसरा मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तोंडाची एक बाजू खाली आली होती. त्यांना काहीतरी गमतीचं बोलायचं होतं, मला ते त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. तोंडातून नुसता ओला आवाज आला. मी आत हात घालून चावी काढली आणि लोकांना हाका मारायला लागले. सरांनी धड हाताने हॉर्नवर बोट ठेवलं. वाजवलं एकदा. फक्त एकदा.

आधी डहाणूत, मग वापीला, असं करत बरेच दिवस गेले. जीव राहिला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. पहाटे झिरपू लागली असावी, वाटेत पुरती फुटली. वहिनींना त्या पहाटे डोळा लागला होता. त्यांनी मला हे हॉस्पिटलच्या जिन्यावर, जणू चोरी कबूल करावी तसं सांगितलं. मी त्यांचे हात धरले आणि पुन्हा पुन्हा सांगितलं, की घंटी हा इलाज नव्हताच, तुमचा दोष नाही. त्या मान हलवत राहिल्या. पटलं नव्हतं.

सरांना मी अलीकडे पाहिलं ते चिखल्यालाच, एका दुपारी. मधल्या खोलीत लोखंडी कठड्याची कॉट होती. सोंड आता उशाशीच असते. लावायला त्यांची परवानगी कुणी विचारत नाही. डोळे मात्र तेच होते, सगळं समजणारे. बोलणं घंटीवर. कठड्यावर अंगठी एकदा वाजली की नाही, दोनदा वाजली की हो. उजव्या हातातली अंगठी वहिनींनी डाव्या हातात घातली होती, आवाज नीट यावा म्हणून.

मी शाळेतलं सांगत बसले. नवे भूगोलाचे सर छापील नकाशा खिळ्याला टांगतात, हे सांगितल्यावर सरांनी एक घंटी दिली. नापसंत. मी हसले, वहिनीही हसल्या.

बाहेर पडवीत त्यांचा मुलगा निलेश जेवून आडवा झाला होता. निलेश चिकूचा टेम्पो चालवतो, संध्याकाळी माल भरून वाशीला निघतो. वहिनी चहाला उठता उठता म्हणाल्या, "ह्याच्यासाठी मुलगी बघतोय. ती आली की मी मोकळी. तिला शिकवून ठेवीन डबल बेल. हाही यांच्यावरच गेलाय."

टण. सरांनी कठड्यावर अंगठी आपटली. एकदाच. वहिनी स्वयंपाकघरात पोचल्या होत्या, चहाचा मसाला वाटायला मिक्सर सुरू झाला होता.

"काय नको, सर?" मी विचारलं.

सर दाराकडे बघत होते. पडवीतून निलेशचं घोरणं येत होतं, जाड, रंगात आलेलं. ते एकाएकी बंद पडलं. सरांचा हात वर गेला. टण टण. बाहेर काही नाही. टण टण. त्यांच्या कपाळावर घाम आला. टण टण, टण टण, अंगठी निसटून बोटाच्या टोकाला आली तरी ते वाजवत राहिले. मी उठून पडवीत धावले. निलेशची छाती ओढत होती आणि तोंड उघडं होतं. मी खांदा धरून हलवला. घशात काहीतरी फुटलं आणि तो उठून बसला.

"काय झालं बाई? मस्त गाढ लागली होती." त्याने तोंडावरून हात फिरवला. डोळे लाल होते. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. "बरं झालं उठवलंत. माल भरायचाय, वाशीला निघायचंय."

"निलेश, आज जाऊ नकोस," मी म्हणाले. "उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे चल."

"मला काय झालंय? झोप तर एक नंबर आहे माझी." तो उभा राहिला आणि दाराशेजारच्या खिळ्यावरून त्याने टेम्पोची चावी काढली.

आतून आवाज आला. टण. एकच. निलेशचा हात तिथेच राहिला. त्या घरात वाढलेल्या माणसाला एका घंटीचा अर्थ सांगावा लागत नाही.

टण. पुन्हा एकच.

आम्ही दोघांनी दारातून बघितलं. सर मान वळवून इकडेच पाहत होते. नजर निलेशच्या तोंडावर नव्हती, त्याच्या हातातल्या चावीवर होती. कठड्याच्या वर त्यांचा डावा हात पुढच्या घंटीसाठी उचललेला होता.

निलेशने चावी परत खिळ्याला अडकवली. तरी सरांनी हात खाली घेतला नाही.